ब्लॉकचेनच्या पोटातलं गणित : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयातल्या व्याख्यानानंतर, कॉलेजात, कधी लग्नाच्या पंगतीत, ब्लॉकचेनचा विषय निघाला की मला साधारण हेच प्रश्न येतात. विचारणाऱ्यांत शेतकरी असतात, बँकेतले लोक असतात, अकरावीतली मुलं असतात. गणित टाळून उत्तर दिलं तर विषय हवेत राहतो असा माझा अनुभव आहे, म्हणून खाली थोडं गणित आहे. गुणाकार-भागाकार येत असेल तर पुरे.

ब्लॉकचेन म्हणजे थोडक्यात काय?

एक नोंदवही. तिच्यात खाली नवी नोंद करता येते, मागची खोडता येत नाही, आणि कुणी खोडलीच तर ते लपत नाही. वहीच्या सारख्या प्रती वेगवेगळ्या लोकांच्या संगणकांवर असतात आणि त्यांच्यावर कुणी एक साहेब नसतो.

गावाकडे जमिनीची कामं ज्यांनी केली आहेत त्यांना फेरफाराची वही, म्हणजे गाव नमुना ६, ठाऊक असते. तिथे जुनी नोंद चुकली म्हणून कुणी ती खरवडत नाही. दुरुस्तीचा नवा फेरफार नव्या क्रमांकाने पडतो. आज सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे, ते या सगळ्या फेरफारांवरून ठरतं. बिटकॉइन हे ब्लॉकचेनवर चालणारं डिजिटल नाणं. त्याची वही अशीच आहे. 'अमक्याकडे इतके बिटकॉइन आहेत' अशी ओळ तिच्यात कुठेच नसते. 'याने त्याला इतके दिले' एवढ्याच नोंदी असतात आणि शिल्लक त्यांवरून काढायची असते.

मग बँकेच्या संगणकातल्या खात्यापेक्षा ती वेगळी कशी?

बँकेची वही बँकेकडे असते आणि ती खरी आहे हे आपण बँकेच्या शब्दावर मानतो. बहुतेक कामांना तेवढं पुरतं, स्वस्त पडतं आणि चूक झाली तर दुरुस्तही करता येतं. एकमेकांवर भरवसा नसलेल्या अनेकांना एकच वही वापरायची असेल आणि ती कुणा एकाच्या हाती द्यायची नसेल, तेव्हाच ब्लॉकचेनचा खटाटोप करण्यात अर्थ आहे. 'आमच्या संस्थेचा हिशेब ब्लॉकचेनवर ठेवू का?' असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, वही कुणापासून वाचवायची आहे? उत्तर नसेल तर साधा डेटाबेस ठेवा, रोज बॅकअप घ्या.

'हॅश' हा शब्द सारखा येतो. तो काय प्रकार आहे?

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण हे कळलं की निम्मी ब्लॉकचेन कळली.

हॅश म्हणजे मजकुराच्या अंगठ्याचा ठसा. कोणताही मजकूर घ्या, एक अक्षर असो की अख्खी ज्ञानेश्वरी. शा-२५६ नावाच्या सूत्रातून तो काढला की बाहेर नेहमी २५६ बिटांचा, म्हणजे २५६ शून्य-एकांचा, एक आकडा येतो. तो ६४ चिन्हांत लिहितात, शून्य ते नऊ आणि इंग्रजी ए ते एफ. मजकूर तोच असेल तर ठसा जगात कुठेही, कोणत्याही संगणकावर तोच येतो. ठशावरून मजकूर मात्र काढता येत नाही.

एक उदाहरण मी प्रत्येक व्याख्यानात पडद्यावर करून दाखवतो. इंग्रजी 'हेलो' शब्द सगळा छोट्या लिपीत टाइप केला तर त्याचा हॅश '२ सी एफ २ ४ डी बी ए' असा सुरू होतो. पहिलं अक्षर तेवढं मोठ्या लिपीतलं केलं की तो '१ ८ ५ एफ ८ डी बी ३' असा सुरू होतो. पुढची चिन्हंही अशीच पार बदललेली असतात. थोडा बदल केला म्हणून ठसा थोडा बदलत नाही. सरासरी निम्मे बिट पालटतात. त्यामुळे 'जवळपास पोचलो' असं कळायची सोयच राहत नाही आणि हळूहळू अंदाज बांधत मूळ मजकुरापर्यंत जाता येत नाही.

मराठीपुरती एक अडचण सांगतो, ती इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. 'सातबाऱ्यावर' या शब्दातलं ऱ्या युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या आकड्यांनी ओळखतो त्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी टाइप होतं. एक, नुक्त्याच्या ऱ-ला हलन्त देऊन. दुसरी, साध्या र-ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत, म्हणून दोन्हींचे हॅश वेगळे. 'पवाऱ्यांचा' असं नाव एका कार्यालयात एका कीबोर्डने आणि दुसऱ्यात दुसऱ्या कीबोर्डने टाइप झालं, तर अस्सल दाखला पडताळणीत 'जुळत नाही' असा येईल. मराठी कागदपत्रांसाठी अशी व्यवस्था उभारणाऱ्याने मजकूर आधी एकाच वळणाचा करून घेतला पाहिजे, मगच हॅश काढावा. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच ते राहून जातं.

दोन वेगळ्या मजकुरांचा हॅश एकच येणं शक्य नाही का?

शक्य आहे. मजकूर अगणित आणि ठसे मर्यादित, म्हणजे कुठेतरी टक्कर असणारच. प्रश्न ती शोधता येते का, हा आहे. एमडी-५ हे जुनं सूत्र २००४ साली चिनी संशोधक वांग श्याओयुन आणि सहकाऱ्यांनी मोडलं. शा-१ ची टक्कर २०१७ साली गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी प्रत्यक्ष करून दाखवली: एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली. शा-२५६ ची अशी जोडी आजवर कुणाला सापडलेली नाही. हॅश मोडतात, वेळ लागतो एवढंच. म्हणून 'कधीच मोडणार नाही' असं सांगणाऱ्यापासून दूर राहा.

साखळी कुठून आली? ब्लॉक एकमेकांना जोडतात ते कसे?

वहीची पानं म्हणजे ब्लॉक. प्रत्येक पानाच्या मथळ्यात मागच्या पानाचा हॅश लिहिलेला असतो, बस. समजा कुणी शंभराव्या पानावरचा एक आकडा गुपचूप बदलला. त्या पानाचा हॅश बदलला, म्हणून एकशे एकाव्या पानावर लिहिलेला हॅश आता जुळेना. तो दुरुस्त करावा तर एकशे एकचाच हॅश बदलतो, मग एकशे दोन बिघडतं. ही गळती शेवटच्या पानापर्यंत जाते. एक ओळ बदलायची तर पुढची सगळी वही नव्याने लिहावी लागते.

बिटकॉइनच्या ब्लॉकचा मथळा फक्त ८० बाइटांचा असतो. त्यात आवृत्तीचा आकडा, मागच्या ब्लॉकचा हॅश, आतल्या सगळ्या व्यवहारांचा मिळून एक हॅश, वेळ, अवघडपणाचा आकडा आणि 'नॉन्स' नावाचा एक फुटकळ आकडा असतो. व्यवहारांचा एकत्र हॅश काढण्याची युक्ती राल्फ मर्कल यांची, १९७९ सालची. दोन-दोन व्यवहारांचे हॅश जोडून त्यांचा हॅश, मग त्या हॅशांच्या जोड्यांचा हॅश, असं झाडासारखं वर चढत एका टोकाला पोचायचं. फायदा असा की हजार व्यवहारांच्या ब्लॉकमध्ये तुमचा व्यवहार आहे हे सिद्ध करायला हजार व्यवहार दाखवावे लागत नाहीत, दहा हॅश पुरतात.

ही सगळी बिटकॉइन काढणाऱ्या सातोशी नाकामोतोची कल्पना ना?

सगळी नाही, आणि ज्यांनी आधी काम केलं त्यांची नावं घेतली पाहिजेत. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेट्टा हे दोघे बेलकोअर या अमेरिकी प्रयोगशाळेत होते. डिजिटल कागदावर मागची तारीख टाकून कुणी फसवू नये म्हणून काय करावं, हा त्यांचा प्रश्न होता. १९९१ साली त्यांनी उपाय छापला: प्रत्येक कागदाचा हॅश घ्या आणि मागच्या हॅशशी जोडा. पण साखळी सांभाळणाराच लबाड निघाला तर? म्हणून १९९५ पासून त्यांची कंपनी दर आठवड्याचा एकत्र हॅश 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापून आणू लागली. पेपर लाखो घरांत गेला की तो बदलणार कोण? मला ही गोष्ट फार आवडते, कारण अख्खी ब्लॉकचेन त्या चार ओळींच्या जाहिरातीत दिसते.

सातोशीचा नऊ पानी निबंध ३१ ऑक्टोबर २००८ ला आला. त्याच्या आठ संदर्भांपैकी तीन या दोघांच्या कामाचे आहेत. 'ब्लॉकचेन' हा जोडशब्द मात्र त्या निबंधात नाही. सातोशी म्हणजे कोण, एक माणूस की अनेक, हे सिद्ध झालेलं नाही.

संगणक सही कशी करतो? कागदावरची सही तर कुणीही गिरवेल.

कागदावरची सही दर वेळी सारखी असावी लागते, म्हणून ती गिरवता येते. डिजिटल सही प्रत्येक मजकुरासाठी वेगळी असते. एका कागदावरून उचलून दुसऱ्यावर डकवली तर जुळत नाही.

युक्ती दोन किल्ल्यांची आहे. खासगी किल्ली, जिला प्रायव्हेट की म्हणतात, तुमच्याकडेच राहते. सार्वजनिक किल्ली, पब्लिक की, जगाला देऊन टाकायची. खासगीने सही होते, सार्वजनिकने ती तपासता येते. ही दोन किल्ल्यांची वाट १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी जाहीरपणे मांडली. पुढच्याच वर्षी एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी त्यावर आरएसए ही पद्धत बसवली. ती हाताने करून पाहता येते. पेन घ्या.

दोन मूळ संख्या: ३ आणि ११. गुणाकार ३३. जगाला सांगायचं: '३३ आणि ३'. स्वतःकडे लपवायचं: ७. आता मला '४' या संदेशावर सही करायची आहे. चारचा सातवा घात १६,३८४. त्याला ३३ ने भागलं की बाकी उरते १६. ही माझी सही. मी तुम्हाला '४, सही १६' असं पाठवलं. तुम्हाला माझा ७ माहीत नाही, तरी तुम्ही तपासू शकता: १६ चा घन ४,०९६, ३३ ने भागा, ३३ गुणिले १२४ म्हणजे ४,०९२, बाकी ४. संदेश जुळला. वाटेत कुणी ४ चा ५ केला असता तर तुमची बाकी तरीही ४ आली असती आणि चोरी उघडी पडली असती.

माझा ७ शोधायचा तर ३३ चे मूळ अवयव माहीत हवेत. ३३ चे अवयव पोर सांगेल. प्रत्यक्षात तिथे सहाशेहून जास्त अंकी संख्या असते आणि तिचे अवयव पाडणं आजच्या कोणत्याही संगणकाला जमत नाही. शिवाय सही सबंध मजकुरावर करत नाहीत, त्याच्या हॅशवर करतात.

बिटकॉइनमध्ये आरएसए नाही. तिथे वक्ररेषेचं गणित आहे: वायचा वर्ग बरोबर एक्सचा घन अधिक ७, हे समीकरण एका प्रचंड मूळ संख्येच्या बाक्यांमध्ये सोडवायचं. त्या वक्रावरचा एक ठरलेला बिंदू घेऊन तो स्वतःतच खासगी किल्लीइतक्या वेळा मिळवायचा. जो बिंदू येईल ती सार्वजनिक किल्ली. पुढे जाणं सोपं, उलटं येणं अशक्यप्राय. किल्ल्या लहान राहतात म्हणून ही पद्धत निवडली.

आपल्याकडे सीए आयकर विवरणपत्र भरताना जो डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचा, यूएसबी टोकन लावतात, त्यातही अशीच किल्ल्यांची जोडी असते. त्याला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची मान्यता आहे. म्हणजे हे गणित तुमच्या घराजवळच्या ऑफिसात वर्षानुवर्षं चालू आहे, ब्लॉकचेनशिवाय.

माझी खासगी किल्ली कुणी अंदाजाने ओळखली तर?

एक नाणं घ्या आणि २५६ वेळा उडवा. छापा आला की १, काटा आला की ०. जो आकडा तयार झाला ती झाली खासगी किल्ली. अशा शक्यता किती, तर ७८ अंकी आकडा येतो. कुणाच्या हाती चुकून तुमचाच आकडा लागण्याची भीती बाळगू नका.

भीती दुसऱ्या ठिकाणी आहे. नाणं खोटं असेल तर? २०१३ च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइडमधल्या यादृच्छिक आकडे काढणाऱ्या भागात दोष सापडला आणि काही बिटकॉइन वॉलेटमधून, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या ॲपमधून, पैसे गेले. वक्ररेषेचं गणित शाबूत होतं. सही करताना दर वेळी एक नवा, अंदाज न येणारा आकडा लागतो. तो पुन्हा वापरला गेला की दोन सह्यांवरून खासगी किल्ली काढता येते.

आणि किल्ली हरवली तर? आजची वॉलेटं किल्लीऐवजी १२ किंवा २४ इंग्रजी शब्द लिहून ठेवायला सांगतात. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात आणि त्यांवरून किल्ली पुन्हा बनवता येते. तो कागद गेला तर पैसे गेले. शाखेत जाऊन अर्ज करायला शाखाच नाही. त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नका. 'ग्राहक सेवा' म्हणून कुणी ते शब्द मागितले तर फोन ठेवा.

एवढी गुप्तविद्या आहे, म्हणजे ब्लॉकचेनवरचं सगळं गुप्त असतं ना?

हा गैरसमज सर्वांत पसरलेला आहे. बिटकॉइनमध्ये काहीही लपवलेलं नाही. पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक व्यवहार कुणीही आज वाचू शकतो. तिथे क्रिप्टोग्राफी वापरली आहे ती सह्या आणि ठशांसाठी, मजकूर झाकायला नाही. खात्यावर नाव नसतं, एक लांब पत्ता असतो. तो पत्ता कुणाचा हे एकदा कळलं की त्या माणसाची मागची-पुढची सगळी उलाढाल उघडी. २०१६ साली बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून, म्हणजे बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारातून, सुमारे १ लाख २० हजार बिटकॉइन चोरीला गेले. अमेरिकी तपास यंत्रणांनी माग काढत २०२२ च्या फेब्रुवारीत त्यातले सुमारे ९४ हजार जप्त केले. सहा वर्षांनी माग निघाला, कारण वही कुणी फाडू शकत नव्हतं.

वहीच्या हजारो प्रती. मग खरी कुठली, हे ठरवतं कोण?

खरा अवघड प्रश्न हाच. माझ्याकडे एक बिटकॉइन आहे. मी तो एकाच क्षणी पुण्यातल्या एकाला आणि लंडनमधल्या दुसऱ्याला दिला. दोन्हींवर माझी सही अस्सल. आधी कुठला? सही याचं उत्तर देऊ शकत नाही. कुणीतरी क्रम ठरवला पाहिजे आणि तो 'कुणीतरी' एकच असून चालणार नाही. मतदान घ्यावं तर इंटरनेटवर एक माणूस हजार नावांनी मत देईल.

सातोशीने मताला किंमत लावली. नवं पान जोडण्याचा मान ज्याला हवा त्याने आधी कष्ट केल्याचा पुरावा द्यायचा. ही कष्टाची कल्पना सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ साली नको असलेल्या ईमेलवर उपाय म्हणून मांडली होती, आणि ॲडम बॅक यांनी १९९७ साली 'हॅशकॅश' नावाने वेगळी उभी केली. एकाच वेळी दोन फाटे फुटले तर ज्या फाट्यामागे जास्त कष्ट, तो खरा. प्रत्येक संगणक हे स्वतः तपासतो, कुणाला विचारत नाही.

नवं पान जोडण्याच्या या कष्टात, म्हणजे मायनिंगमध्ये, संगणक अवघड गणितं सोडवतात म्हणे?

नाही. अवघड असं काही नसतं, तेच तेच खूप वेळा करायचं असतं. मथळ्यातला नॉन्स बदलायचा, हॅश काढायचा, तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आला का बघायचं. नाही आला तर पुन्हा. हॅश एका शून्याने सुरू होण्याची शक्यता सोळात एक. चार शून्यांनी सुरू व्हायला सरासरी ६५,५३६ प्रयत्न. घरच्या लॅपटॉपवर ते चुटकीसरशी होतात. शून्यं वाढली की दर शून्यागणिक काम सोळा पट.

दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, जाळं स्वतःच अवघडपणा असा बदलतं की सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक पडावा. ज्याला आधी सापडला त्याला बक्षीस. सुरुवातीला ते ५० बिटकॉइन होतं. दर २ लाख १० हजार ब्लॉकना निम्मं होत २०२४ च्या एप्रिलपासून ३.१२५ वर आलं आहे. म्हणूनच एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांपुढे जाणार नाहीत.

हॅश काढण्याची निम्म्याहून जास्त ताकद कुणी एकाने मिळवली तर?

तर तो ताजी पानं फिरवू शकतो: माल घ्यायचा, पैसे दिल्याची नोंद असलेला फाटा मागे पाडायचा. लहान साखळ्यांवर हे घडलं आहे. इथेरियम क्लासिक नावाच्या साखळीवर २०२० च्या ऑगस्टमध्ये तीनदा असे हल्ले झाले. अशा हल्लेखोरालाही दुसऱ्याची सही मात्र करता येत नाही, म्हणजे तुमच्या खात्यातले पैसे तो थेट स्वतःकडे वळवू शकत नाही. मोठी रक्कम घेताना आणखी काही ब्लॉक पडेपर्यंत थांबतात ते याचसाठी.

यात वीज किती जाते! हे थांबवता येत नाही?

बिटकॉइनमध्ये ती जातेच, कारण कष्ट हाच तिथला पुरावा आहे. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या साखळीने १५ सप्टेंबर २०२२ ला ती वाट सोडली. तिथे आता ब्लॉक सुचवणाऱ्यांना आपले पैसे तारण ठेवावे लागतात आणि लबाडी केली तर ते कापले जातात. विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. ज्याच्याकडे पैसा त्याचा आवाज मोठा, हा त्यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो. पण मशीनच्या शर्यतीतही तेच होतं.

स्मार्ट काँट्रॅक्ट म्हणजे करारनामा का?

नाव तसं असलं तरी तो साखळीवर ठेवलेला प्रोग्रॅम असतो. पैसे आले की लिहिल्याप्रमाणे तो वागतो, कुणाचं ऐकत नाही. २०१६ च्या जूनमध्ये इथेरियमवरच्या 'द डाओ' या निधीच्या प्रोग्रॅममध्ये एक चूक होती: तो पैसे आधी द्यायचा आणि शिल्लक नंतर कमी करायचा. हल्लेखोराने मधल्या फटीत पुन्हा पुन्हा पैसे मागितले आणि ३६ लाख ईथर, म्हणजे इथेरियमची नाणी, काढून घेतले. कॅशियरने आधी नोटा द्याव्यात आणि मग वहीत लिहावं, तसंच हे. पुढच्या महिन्यात बहुतेकांनी मिळून साखळी वळवून ते पैसे परत केले. ज्यांना हे पटलं नाही ते जुन्या साखळीवर राहिले. तीच आजची इथेरियम क्लासिक. 'बदलता येत नाही' याचा अर्थ 'बहुतेकांनी ठरवेपर्यंत बदलता येत नाही' असा आहे, हे त्या वर्षी सगळ्यांना कळलं.

सातबारा ब्लॉकचेनवर टाकला तर जमिनीच्या भानगडी मिटतील का?

मला हा प्रश्न ग्रामीण भागात हमखास येतो आणि विचारणाऱ्याच्या मागे बहुधा वर्षानुवर्षांचा दावा असतो. म्हणून नीट सांगतो.

ब्लॉकचेन एक गोष्ट पक्की सांगते: हे लिहिलं गेलं तेव्हापासून बदललेलं नाही. जे लिहिलं ते खरं होतं का, हे ती सांगत नाही. बहिणीचं नाव वारसनोंदीतून वगळून फेरफार पडला असेल, तर ब्लॉकचेन ती खोटी नोंदही तितक्याच इमानाने जपेल. आज फेरफार पडल्यावर संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत असते आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. खरेखोटेपणा तपासला जातो तो इथे. नोटीस बहिणीच्या हातात पडली का, हे कोणतंही हॅश सांगू शकत नाही. मोजणी चुकलेली असेल, बांध सरकलेला असेल, तर तेही शेतात जाऊनच बघावं लागतं.

मग उपयोग नाही का? आहे. नोंद पक्की झाल्यावर मागाहून केलेली खाडाखोड, मागच्या तारखेचे कागद, बनावट दाखले, इथे हे तंत्र खरोखर कामाचं आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात २०२२ साली सुमारे ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉन या साखळीशी जोडण्याचं काम हाती घेतलं गेलं. दाखल्याचा ठसा सार्वजनिक साखळीवर असला की नोकरी देणारा कुठूनही तो जुळवून पाहू शकतो. दाखला देताना चौकशी नीट झाली असेल, तरच या सगळ्याला मोल आहे.

भारतात हे कायदेशीर आहे का? आणि डिजिटल रुपयाचं काय?

रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टो व्यवहारांना सेवा द्यायला मनाई केली. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर लावला, विक्रीवर १ टक्का टीडीएस आला, आणि एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. कर लागतो म्हणजे ते चलन झालं असं मात्र नाही.

डिजिटल रुपया ही निराळी गोष्ट आहे. सर्वसामान्यांसाठी त्याची चाचणी १ डिसेंबर २०२२ ला मुंबईसह चार शहरांत सुरू झाली. तो रिझर्व्ह बँकेचाच रुपया, नोटेसारखा. भरवसा रिझर्व्ह बँकेवर, मायनरांवर नाही.

क्वांटम संगणक आला की हे सगळं कोसळणार ना?

सह्यांना धोका आहे. पीटर शोर यांनी १९९४ सालीच दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक अवयव पाडेल आणि वक्ररेषेचं कोडंही सोडवेल. हॅशना धोका बराच कमी. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ ला नव्या, क्वांटमपुढे टिकाव्यात अशा पद्धतींची पहिली तीन मानकं जाहीर केली. त्यातली दोन सह्यांची आहेत. ब्लॉकचेनची अडचण अशी की हजारो स्वतंत्र लोकांना एकाच वेळी नवं कुलूप बसवायला राजी करावं लागतं.

ओळखीतले एकजण 'ब्लॉकचेन कॉइन' घ्या म्हणताहेत, महिन्याला दहा टक्के. घ्यावं का?

घेऊ नका.

माझ्या नात्यातल्या एका काकांनी निवृत्तीच्या पैशांतले दीड लाख अशा योजनेत घातले. मला कळलं तेव्हा त्यांच्या ॲपमध्ये चार लाख दिसत होते. मी त्यांना एवढंच म्हणालो, 'काका, तुमच्या व्यवहाराचा हॅश दाखवता?' त्यांनी त्यांच्या वरच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, ते आतलं असतं, बाहेर दाखवत नाहीत. तिथेच मला कळलं. सार्वजनिक साखळी असती तर तो हॅश कोणत्याही ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे साखळीवरच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर, दिसला असता. साखळी नव्हतीच, एका साइटवर रोज वाढणारा आकडा होता. काढायला गेल्यावर आधी 'कर भरा' म्हणून आणखी वीस हजार मागितले. काकांनी सहा महिने घरी कुणाला सांगितलं नव्हतं, काकूंनाही नाही. त्यांची मान खाली गेलेली मी पाहिली आहे, म्हणून हे उत्तर मी हळू आवाजात देत नाही.

व्यवहाराचा हॅश मागा. प्रोग्रॅम कुणालाही वाचायला खुला आहे का विचारा. ठरावीक परतावा आणि 'खाली दोन माणसं जोडा' हे दोन शब्दप्रयोग ऐकू आले की उठा. पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

स्वतः करून पाहायचं असेल तर कुठून सुरुवात करू?

पैसे न घालता. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'शा२५६सम' ही आज्ञा आहे. 'हेलो'चा हॅश काढा आणि वर दिलेल्या चिन्हांशी ताडून पाहा. 'इको' आज्ञेने शब्द दिला तर ती शेवटी न दिसणारी नवी ओळ जोडते आणि हॅश भलताच येतो. माझे विद्यार्थी इथे नेहमी अडकतात. 'प्रिंटएफ' वापरा.

ते जमलं की कोणत्याही ब्लॉक एक्सप्लोररवर बिटकॉइनचा शून्य क्रमांकाचा ब्लॉक उघडा, ३ जानेवारी २००९ चा. त्यात लंडनच्या 'द टाइम्स'चा त्या दिवशीचा मथळा कोरलेला सापडेल, बँकांना दुसऱ्यांदा वाचवण्याच्या बेताविषयीचा. तारखेचा पुरावा म्हणून पुन्हा वर्तमानपत्रच. त्या ब्लॉकचा ८० बाइटांचा मथळा उतरवून घ्या, त्याचा शा-२५६ काढा, आलेल्या उत्तराचा पुन्हा शा-२५६ काढा, आणि बाइट उलट्या क्रमाने वाचा. सगळं बरोबर केलं असेल तर पडद्यावर सुरुवातीला दहा शून्यं दिसतील.